यादीत नसलेलं दुकान

१

पाहुणे आधी खोलीची किल्ली घेतात आणि लगेच विचारतात, खरेदीला कुठे जाऊ?

बुडापेस्टमध्ये हा प्रश्न विचारायला माझ्याइतकं योग्य माणूस मिळणार नाही, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बावीस वर्षं मी एका मोठ्या सरकारी दुकानात हातमोज्यांच्या काउंटरवर उभी होते. गिऱ्हाइकाने मखमली उशीवर कोपर टेकवायचं, मी मोज्यात चिमूटभर पावडर टाकायची आणि एकेक बोट खाली ओढत मोजा चढवायचा. ते दुकान बंद पडलं. तेव्हापासून मी रिंगरोडवरच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बारा खोल्यांच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वागताच्या टेबलाशी बसते. मालक सिलार्द माझ्या मुलाच्या वयाचा आहे. मला मूल नाही, पण असतं तर त्याच्याएवढं असतं.

पाहुण्यांसाठी मी एक यादी टाइप केली होती. पिवळा कागद, आठ जागा. पाप्रिका, म्हणजे इथली लाल मिरचीची पूड, मोठ्या मंडईतच घ्या, पण दारातल्या दुकानात नको, तळमजल्यावर मागच्या रांगेतल्या बाईकडे. भरतकामाचे टेबलक्लॉथ कुठे, हातमोजे कुठे, शनिवारचा जुना बाजार किती वाजता गाठायचा. आठव्या नंबरवर कालमान, जो एका अंगणात बसून अजून हाताने बटणं बनवतो. दर मंगळवारी सकाळी मी यादीतल्या जागा पायी फिरून यायचे. दुकान चालू आहे का, माल तोच आहे का, हे बघायला. सिलार्द हसायचा. "एतेल्का मावशी, तुम्ही दुकानांची हजेरी घेता की काय?"

नोव्हेंबरात एक डच शिक्षक कॉफी दळायचं लाकडी यंत्र काखेत मारून वर आला. आनंदाने लाल झाला होता.

"तुमचे आभार मानायला हवेत," तो म्हणाला. "बटणवाल्याच्या मागचं ते दुकान! काय एकेक वस्तू!"

"बटणवाल्याच्या मागे कुठलं दुकान?"

"तुम्हीच तर सांगितलंत नाश्त्याच्या वेळी. कचऱ्याच्या डब्यांपाशी डावीकडे वळा, आणि तिथे घासाघीस करू नका."

मी पिवळा कागद उलटा-सुलटा केला. आठच जागा होत्या.

"हो, हो," मी म्हणाले. पाहुण्याला खोटं पाडायचं नाही, हे काउंटरवर पहिल्या दिवशी शिकवतात.

२

माझी आई एकसष्टाव्या वर्षी पाव कपड्यांच्या कपाटात ठेवू लागली होती. तोवर ती चांगली टापटिपीची बाई. मग एक दिवस तिने मला "कोण पाहिजे?" असं दार उघडून विचारलं. डच शिक्षक आला त्या हिवाळ्यात माझी साठी पूर्ण झाली होती. म्हणून डच माणसाचं बोलणं ऐकून मला भुताखेताची आठवण झाली नाही, आईची झाली. मी एक वही केली. रोज कुणाशी काय बोलले ते संध्याकाळी लिहायचे. दोन आठवडे वहीत काही वावगं आलं नाही.

मग डिसेंबरात एक बेल्जियन बाई तिच्या खरेदीची पिशवी माझ्या टेबलावर सोडू लागली. "बघा ना, तुमच्या त्या दुकानातलं." वर्तमानपत्राच्या घड्यांतून एक दुधाचं भांडं निघालं. पांढऱ्या एनॅमलचं, निळे ठिपके, आणि मुठीला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. टेपच्या शेवटाला सुईदोऱ्याने दोन टाके घातलेले.

तसे टाके घालणारी एकच बाई मला ठाऊक होती. योलान मावशी, गेस्ट हाऊसच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर. ऐंशी उलटलेली, पूर्वी नाटक कंपनीत कपडे शिवायची. टेप सुटते म्हणून टेपलाही टाके घालणारी.

मी खाली गेले. आतल्या चौकाभोवतीच्या गॅलरीत तिचं दार नेहमीसारखं उघडं होतं.

"योलान मावशी, तुमचं दुधाचं भांडं कुठाय?"

"कशाला? दूध हवंय?"

भांडं शेगडीवर होतं. त्यात दूध तापत होतं. मुठीला लाल टेप, टेपला दोन टाके.

"नुसतं विचारलं," मी म्हणाले.

"नुसतं कुणी दुधाचं भांडं विचारत नाही गं. बस. तुझा चेहरा पांढरा पडलाय. तापलेलं दूध पी."

मी प्यायले. कारखान्याने अशी लाखभर भांडी काढली असतील, असं स्वतःला समजावलं. टाके घालणारी दुसरीही कुणी असेल. पण वर जिना चढताना माझ्या तोंडात दुधाची चव नव्हती. गरम पाणी प्यायल्यासारखं वाटत होतं.

३

नऊ दिवसांनी योलान मावशी झोपेतच गेली. वय झालं होतं, हृदय थांबलं, डॉक्टरने दोन मिनिटांत कागद लिहिला. तिचं कुणी नव्हतं. घर रिकामं करणारी माणसं आली तेव्हा सिलार्दने मला देखरेखीला उभं राहायला सांगितलं.

त्यांनी खोके भरले. शिवणयंत्र, कात्र्या, कापडांचे गठ्ठे. मी स्वयंपाकघराची कपाटं स्वतः उघडून बघितली. शेगडीखाली बघितलं. दुधाचं भांडं कुठेच नव्हतं.

"काही शोधताय?" त्यांतला एक म्हणाला.

"निळ्या ठिपक्यांचं भांडं."

"आम्ही आलो तेव्हा शेगडीवर काही नव्हतं, बाई."

त्या दिवसापासून मी पिवळा कागद देणं बंद केलं. मालकाला म्हटलं, यादी जुनी झाली, नवी करते. केली नाही. कुणी खरेदीचं विचारलं तर "मंडईत जा" एवढंच सांगायचे आणि वहीत लिहायचे: मंडईत जा म्हणाले, बाकी काही नाही.

४

माझा थोरला भाऊ देझो पस्तीस वर्षं ट्राम चालवत होता. बायको गेल्यावर तो क्योबान्या भागात एका खोलीच्या घरात एकटा राहायचा, अठ्ठावीस नंबरच्या ट्रामच्या रस्त्यावरच. सेवानिवृत्त झाला तरी खिडकीतून जाणाऱ्या ट्रामच्या चुका काढायचा. रविवारी मी त्याच्याकडे जायचे. तो बटाट्याची पाप्रिका भाजी करायचा, तिला नावं ठेवायला मी, आणि मी करून नेलेल्या केकला नावं ठेवायला तो. मग बुद्धिबळ. पांढरा एक हत्ती फार वर्षांपूर्वी हरवला होता, त्याच्या जागी वाइनच्या बाटलीचं बूच होतं. देझोने त्यावर शाईने चार खिडक्या काढल्या होत्या. "हत्ती नाही, ही चाळ आहे," तो म्हणायचा. "चाळ सरळच चालते."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन अकरा वाजता कामावर आले. एक फिनिश बाई बाहेरून परतत होती.

"मिळालं बरं का दुकान! तुम्ही सकाळी जिन्यापासून सोबत आला नसता तर चुकलेच असते."

माझं अर्धं तोंड अजून बधिर होतं. "सकाळी मी इथे नव्हते."

ती हसली. थट्टा वाटली असेल. तिने पिशवीतून एक लाकडी पेटी काढली, कडी सरकवली आणि पट उघडला. सोंगट्या आत खुळखुळल्या. त्यांत बूच होतं. चार खिडक्या होत्या. एका खिडकीत मी लहानपणी नव्हे, मागच्याच वर्षी, देझो जिंकत असताना रागाने काढलेली फुली होती.

"हे मला द्याल का?" मी विचारलं. "तुम्ही म्हणाल ते देते."

"नातवासाठी आहे हो," ती ओशाळून म्हणाली आणि पेटी छातीशी धरली.

मी टेबलावरचा फोन उचलून देझोचा नंबर फिरवला. सहा वेळा वाजला.

"कोण मेलंय?" देझोचा आवाज. मग खोकला. त्याचा खोकला नेहमी दोन हप्त्यांत यायचा, मधे दम घ्यायचा.

"देझो, बुद्धिबळ कुठाय?"

"टेबलावर. रविवारी तू जिथे रडीचा डाव टाकून पळालीस, तिथेच. हात लावला नाही, साक्षीपुरावा आहे."

"बुचाचा हत्ती आहे का?"

"आहे. समोर दिसतोय. तुझी फुली पण दिसतेय. एतेल, तू सकाळी सकाळी प्यायलीस का?"

"दात काढला."

"मग अक्कलदाढ असणार," तो म्हणाला आणि हसता हसता पुन्हा खोकला.

मी फोन ठेवला. योलान मावशीला नऊ दिवस मिळाले होते.

५

दुसऱ्या दिवशी भर सकाळी मी कालमानच्या अंगणात गेले. कमानीतून आत शिरलं की डावीकडे त्याची काचेची खोली, तिथे तो शिंगाची बटणं घासत बसलेला. मला बघून त्याने पॉलिशचं फडकं खाली ठेवलं, पण खुर्ची पुढे केली नाही.

"आज बोलायला वेळ आहे वाटतं बाईसाहेबांना," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? काल तुझ्या त्या परदेशी बाईला घेऊन समोरून गेलीस. मी हाक मारली, हात केला. तू मान वळवली नाहीस. परवा पण तेच. तीस वर्षांची ओळख, एतेल्का. मी काही बोललो का तुला?"

"किती वाजता?"

"काल? दहाला. का?"

दहा वाजता माझं तोंड उघडं होतं आणि त्यात डॉक्टरचे दोन हात होते. पण हे मी कालमानला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग ती कोण? आणि त्याने ते मोठ्याने विचारलेलं मला नको होतं.

"मागे काय आहे, कालमान?"

"मागे? कचऱ्याचे डबे. त्यापुढे भिंत. मीच तुला विचारणार होतो, पाहुण्यांना कचरा दाखवायला नेतेस का?"

"तुझ्या चष्म्याचं काय झालं?"

"चष्म्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. आणि मग जरा हळू आवाजात, "जाऊ नकोस तिकडे. घसरडं आहे."

६

डब्यांपाशी डावीकडे दार होतं. खरं सांगायचं तर साधं दार, तपकिरी, आमच्या शहरातल्या हजार दारांसारखं. आतून एक तरुण जोडपं वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू घेऊन बाहेर आलं. मुलीने माझ्यासाठी दार धरलं.

आधी मला वास आला. तळलेला कांदा आणि दाढीचा साबण.

ती देझोची खोली होती. तशीच मांडलेली. खिडकीच्या जागी खिडकी नव्हती, पण पडदा होता आणि पडद्यामागे भिंत. टेबल, त्यावरचं मेणकापड, त्यावरचा सिगारेटने जळालेला डाग. ट्रामचालकाची टोपी खिळ्यावर. कोपऱ्यात एक नळ ठिबकत होता, देझोच्या मोरीतल्या नळासारखाच, दोन थेंब, मग थांबून एक. मी जवळ गेले. नळ एका फळीवर बसवलेला होता. फळीमागे पाइप नव्हता. खाली पातेलं होतं, त्यात थेंब पडत होते.

प्रत्येक वस्तूला पांढऱ्या दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मी टोपीची चिठ्ठी उलटवली. कोरी होती. सगळ्याच कोऱ्या होत्या.

एक वयस्क इंग्रज देझोचा वाचायचा चष्मा नाकावर चढवून आरशात बघत होता. बुद्धिबळाचा पट टेबलावर नव्हता. मेणकापडावर तेवढा चौकोन स्वच्छ होता.

"चष्मा ठेवा," मी त्या माणसाला म्हणाले. "तो विकायचा नाही." माझा आवाज काउंटरवरचा होता. त्याने चष्मा ठेवला आणि माफी मागून निघून गेला.

खोलीच्या टोकाला फुलाफुलांचा पडदा होता. पडद्याखाली एक फळी पुढे आलेली, त्यावर मखमली उशी, आणि उशीवर दोन हात ठेवलेले. बाकीची बाई पडद्याआड होती. हात माझ्यासारखे होते, असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर उभं राहून विकणाऱ्या बायांचे हात उतारवयात सारखेच दिसतात.

"काय दाखवू?" आवाज आला. अगदी आम्हाला शिकवला होता तसा. ना गोड, ना कोरडा.

"हे सगळं. सगळं मला द्या."

"एकेकच जातं. बरंच गेलं आता."

पडद्यामागून खोकला आला. दोन हप्ते, मधे दम.

मी पडद्याची कड धरली. ओढायचं धाडस झालं नाही, थोडीशी बाजूला केली. लोखंडी खाटेचा पायाकडचा भाग दिसला. घोंगडीतून दोन पाय बाहेर होते. करड्या लोकरीचे मोजे, मीच विणलेले, टाचेला चुकून हिरवा धागा वापरला होता ते. डाव्या घोट्याला पांढरा दोरा बांधलेला. चिठ्ठी. पायाची बोटं हलली.

"हाही हवाय का?" बाईने विचारलं.

नळ ठिबकत होता. दारातून कुणीतरी आत आल्याचा, बूट पुसल्याचा आवाज झाला. गिऱ्हाईक.

"हवाय," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला दाखवू नका. मी घेतलाय."

"तुमच्याकडून काय घ्यायचं," ती म्हणाली. "तुम्ही इतकी माणसं पाठवता." एक हात उशीवरून उचलला गेला आणि पडदा माझ्या हातातून काढून सरळ केला. बोटं गार नव्हती. मला ती गार असती तर बरं वाटलं असतं. "घरी पोचवू."

७

मी धावत रिंगरोडला आले आणि अठ्ठावीस पकडली. देझोच्या मजल्यावर पोचले तेव्हा छातीत कळ येत होती. बेल वाजवली, दार बडवलं. शेजारची बाई बाहेर आली.

"आत्ताच खाली गेला, पाव आणायला. दिसला नाही का जिन्यात?"

दिसला नव्हता. मी पायरीवर बसून राहिले. बेकरी कोपऱ्यावर आहे, दहा मिनिटांचं काम. मी साडेतीनपर्यंत बसले. दोनदा बेकरीत जाऊन विचारलं. मग वाटलं, कदाचित तो माझ्याकडेच आला असेल, आणि परत फिरले.

माझ्या घराच्या दाराला मी कुलूप लावून गेले होते. आतून दिवा दिसत होता. स्वयंपाकघरात खुर्चीवर देझो बसला होता. कोट अंगात, हात गुडघ्यांवर.

"देझो!" मी त्याला मिठी मारली. आम्ही कधी तसं करत नाही. "आत कसा आलास?"

"दार उघडं होतं," तो म्हणाला. "तूच बोलावलंस ना."

मी रडले. त्याने थांबवलं नाही आणि थट्टाही केली नाही. मी बटाट्याची भाजी केली, ती त्याने ताट पुसून खाल्ली. म्हणाला, "छान झाली होती. थँक्यू."

आठ दिवस मी त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. नऊ झाले, दहा झाले, पंधरा झाले. माझा भाऊ जिवंत होता. मी जिंकले होते.

८

त्याचं सामान आणायला गेले तर घर रिकामं होतं. भिंतींवर चौकटींच्या जागी फिकट चौकोन तेवढे होते. देझोला सांगितलं तर म्हणाला, "असू दे. लागत नाही काही." मार्चअखेर ते घर आम्ही नगरपालिकेला परत दिलं. त्याने मुकाट सही केली.

तो माझ्या आतल्या खोलीत राहतो. त्रास कसलाच नाही. खोकला पूर्ण गेला. सकाळी गॅलरीत उन्हात खुर्ची ठेवून बसवलं की मी परत येईपर्यंत तिथेच असतो, ऊन सरकून सावली आली तरी. ट्रामचा आवाज आला तर मान वळत नाही. रात्री झोपताना मोजे काढत नाही. धुवायला मागितले तर दुसऱ्या दिवशी धुतलेले, वाळलेले, घडी घातलेले टेबलावर असतात आणि त्याच्या पायांत तसेच मोजे असतात.

म्हातारपणी माणसं बदलतात. आमची आई बदलली होती. मी स्वतःला हेच सांगायचे. देझो जन्मभर मला टोमणे मारत होता, आता थकला असेल. शिवाय माणूस चांगलं वागतो अशी तक्रार कुणाकडे करायची? सिलार्द तर म्हणाला, "मावशी, तुमचा भाऊ म्हणजे देवमाणूस. मला असा भाडेकरू द्या."

पाहुणे अजून मधूनमधून आभार मानतात. काखेत वर्तमानपत्राचं पुडकं असतं. मी हसते, किल्ली देते. काय घेतलं ते विचारत नाही. कुणी उघडून दाखवू लागलं तर मला नेमका फोन करायचा असतो.

९

जूनच्या मध्याला, एका रविवारी दुपारी, दारावर एक तरुण बाई आली. कडेवर वर्षाचं मूल. नाव एनिको म्हणाली.

"तुम्ही एतेल्का ना? क्योबान्यातलं घर आता आम्हाला मिळालंय. तुमच्या भावाचं. पत्ता नगरपालिकेतून काढला, राग मानू नका."

"काही पत्र आलंय का?"

"पत्र नाही हो." तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमचा भाऊच येतो. रोज, बाराच्या सुमाराला. हातात पाव असतो. कुलपात किल्ली घालून खटपट करतो. लागत नाही म्हणतो. मी दार उघडलं की मला म्हणतो, तुम्ही कोण, मी आत्ता पाच मिनिटं खाली गेलो होतो. पहिल्यांदा मी पोलिसांना बोलावणार होते. पण इतका गोंधळलेला असतो बिचारा. खोकतो फार. एवढ्या उकाड्यात अंगात थंडीचा कोट."

माझ्या मागे, स्वयंपाकघरात, चमचा बशीला लागल्याचा आवाज झाला आणि थांबला.

"तो दुसरा कुणी असेल," मी म्हणाले.

"नाव देझो सांगतो. ट्राम चालवायचो म्हणतो. काल मी त्याला पाणी दिलं, पायरीवर बसवलं आणि विचारलं, आजोबा, तुमचं कुणी आहे का? तर म्हणाला, एक बहीण आहे." एनिकोला हसू आलं, मग तिने ते आवरलं. "म्हणाला, तिला निरोप द्या. म्हणावं, बहिरी झाली असशील तर पत्र लिहितो, आंधळी झाली असशील तर वाचून दाखवायला माणूस पाठवतो, पण रुसली असशील तर मात्र माझा इलाज नाही."

मी दाराची चौकट धरली. लाकडाचं एक कुसळ बोटात गेलं, ते मला नंतर कळलं.

"घ्या ना त्याला घरी," ती म्हणाली. "डोक्याने थोडा गेला असेल, पण माणूस गोड आहे. माझ्या पोराला ट्रामची घंटा वाजवून दाखवतो तोंडाने."

"हे बघा," मी म्हणाले, "माझा भाऊ माझ्याकडेच राहतो. आत जेवतोय."

तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. तिला काय दिसलं कोण जाणे. आधी तिने कपाळाला आठी घातली, ओळख पटल्यासारखी. मग मुलाचं डोकं आपल्या गळ्यात दाबून धरलं आणि एक पाऊल मागे सरली.

"माफ करा," ती म्हणाली. "चुकलं माझं." जिना उतरताना तिने कठडा सोडला नाही.

मी दार लावलं.

"कोण होतं?" आतून त्याने विचारलं.

"पत्ता चुकली होती."

"बरं," तो म्हणाला. चमचा पुन्हा चालू झाला.

१०

सोमवारी मी रजा घेतली. निघताना तो गॅलरीतल्या खुर्चीवरून म्हणाला, "कुठे जातेस?" कालचा सोडला तर या चार महिन्यांत त्याने मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

"मंडईत."

"लवकर ये," तो म्हणाला.

अठ्ठावीसमध्ये गर्दी नव्हती. मी दाराजवळ उभी राहिले. कब्रस्तानाची लांब भिंत गेली, मग कारखाने, मग त्याचा थांबा दिसू लागला. मी बटण दाबलं. उतरायचं, हात धरायचा, घरी आणायचं, असं मी रात्रभर ठरवलं होतं. घरी म्हणजे कुठे, त्याच्या पुढे काय, हे ठरवलं नव्हतं.

तो इमारतीच्या दाराशी उभा होता. काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं. काखेत पाव. इतका वाळला होता की कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. ट्राम आली तसं त्याने आधी चाकांकडे बघितलं, मग रुळांकडे, मग चालकाकडे, आणि चालकाने ब्रेक उशिरा लावला म्हणून नापसंतीने मान हलवली.

मग खिडक्यांवरून नजर फिरवत तो माझ्यापाशी थांबला.

त्याने हात केला नाही. हनुवटी वर उचलली फक्त, आलीस का एकदाची, असं म्हणावं तशी. आणि खोकला. काच मधे होती, तरी मी मोजलं. दोन हप्ते, मधे दम.

दार उघडलं. उकाड्याचा झोत आत आला. एक म्हातारी, दोन शाळकरी मुली उतरल्या. पुढचं पाऊल माझं होतं. पायरीखाली फरसबंदी होती, चार हातांवर तो होता, आणि तो पुढे यायला निघाला होता.

मला घरच्या खुर्चीची आठवण झाली. तिच्यावरून कुणी उठलं नसेल. मी येईपर्यंत कुणी उठणार नव्हतं. आणि दोघं एका टेबलाशी समोरासमोर बसले, तर कुणाच्या पायातला मोजा मी काढून बघणार होते? आणि घरच्याच्या पायाला दोरा नसताच मिळाला, तर? दोघांच्याही पायाला मिळाला असता, तर?

"उतरायचंय ना, बाई?" मागून कुणी तरी म्हणालं.

देझो दारापर्यंत आला होता. कोटाला उन्हाळ्यातही बर्फाचा वास होता, आणि पावाला ताज्या भाजणीचा.

"नाही," मी म्हणाले.

घंटा वाजली, दार मिटलं. त्याने काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, सावकाश, चालकाचं लक्ष वेधतात तसं. चालकाने ऐकलं नाही. ट्राम सुटली तेव्हा तो शेजारून चालू लागला, मग जरा भरभर, पाव काखेत घट्ट धरून. त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता ते मला ऐकू आलं नाही. पण तो रागावलेला नव्हता. त्याला वाटत होतं, मी पुढच्या थांब्यावर उतरेन.